मांडव्य ऋषींच्या अंगातला सूळ



आजचं वाचन : महाभारत, आदिपर्व. विदुराचा जन्म.

गेले काही दिवस आपण आदिपर्व हळूहळू वाचतोय. काल व्यास, अंबिका, अंबालिका आणि ती दासी इथपर्यंत आलो होतो. दासीच्या पोटी विदुर जन्मतो तेव्हा कळतं की हा साक्षात यमधर्म आहे आणि शापामुळे माणसाच्या जन्माला आलाय. जनमेजय लगेच विचारतो, धर्माला शाप? असं काय केलं त्याने, आणि शाप दिला कोणी? (आपणही हेच विचारलं असतं.) उत्तरादाखल वैशंपायन मांडव्य ऋषींची गोष्ट सांगतात.

गोष्ट छोटी आहे. मांडव्य आश्रमाच्या दारात, झाडाखाली, हात वर करून तप करत उभे. मौनव्रत चालू. काही चोर लुटीचा माल घेऊन पळत आले, मागे राजाचे शिपाई. चोरांनी माल आश्रमात दडवला आणि स्वतःही तिथेच लपले. शिपायांनी येऊन विचारलं, "महाराज, चोर कुठल्या बाजूला गेले?" ऋषी गप्प. मग झडती झाली. माल सापडला, चोर सापडले. आणि हा न बोलणारा माणूस त्यांना सामील असणार, असा संशय आला. सगळ्यांना राजापुढे नेलं. राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवायला सांगितलं.

ते मेले नाहीत. अन्नपाण्यावाचून, तपाच्या बळावर, सुळावरच प्राण धरून राहिले. रात्री दुसरे ऋषी पक्ष्यांच्या रूपात त्यांना भेटायला आले. शेवटी पहारेकऱ्यांनी राजाला कळवलं. राजा आला, हात जोडले, अजाणता घडलं, क्षमा करा म्हणाला. सूळ उपटायला गेले तर निघेना. मग तो बुडाशी कापला. उरलेलं टोक ऋषींच्या अंगातच राहिलं. तो तुकडा घेऊनच ते पुढे हिंडले, तप करत राहिले, आणि लोक त्यांना अणीमांडव्य म्हणू लागले. अणी म्हणजे सुळाचं टोक. म्हणजे अन्याय त्यांच्या नावातच जाऊन बसला.

इथे जरा थांबूया. या गोष्टीत खोटं कोण बोललं? मी दोनतीनदा वाचून पाहिलं. कोणीच नाही. चोरी खरी होती. माल खरा होता, तो खरंच आश्रमात सापडला. शिपायांचं ऋषींशी वैर नव्हतं आणि राजाही दुष्ट नव्हता. तरी निरपराध माणूस सुळावर गेला. आपल्याला वाटतं, निर्दोष माणूस अडकायला कोणीतरी कपटी माणूस लागतो, सिनेमातल्यासारखा. तसं काही लागत नाही. घाई लागते, आणि "असणारच" हा एक शब्द लागतो. गप्प आहे ना, मग असणारच सामील.

गप्प राहणं हा पुरावा नाही, हे आपल्या संविधानाला कळलं होतं. अनुच्छेद २० सांगतो की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबही न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मला कॉलेजात असताना हे नियम गुन्हेगारांना पळवाट देण्यासाठी केलेत असं वाटायचं. आता हे वाचताना आश्रमाच्या दारात उभे असलेले मांडव्य दिसतात.

आता आपल्याकडची एक गोष्ट. २००३ च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बाईवर आणि मुलीवर अत्याचार झाले. ऐकवत नाही असा गुन्हा. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. राज्य सरकार अपिलात गेलं आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे तीन पायऱ्या चढून झाल्या आणि प्रत्येक पायरीवर शिकलेली, अनुभवी माणसं बसलेली होती.

मग ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा निकाल बाजूला ठेवून सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर त्या रात्री वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून चार वेगळेच माणसं ओळखली होती. त्या चौघांना कधी अटकच झाली नाही. आणि हा कागद खटल्यात सरकार पक्षाने समोर आणलाच नाही. सोळा वर्षं गेली होती. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

इथे मांडव्यांच्या गोष्टीपेक्षा परिस्थिती वाईट आहे, हे मान्य करायला हवं. राजाच्या शिपायांना चोर तरी सापडले होते. इथे मुख्य कागद बाजूला राहिला आणि त्यासोबत त्या बाईंचं म्हणणंही बाजूला राहिलं. लोक म्हणतात, आरोपीचे हक्क की पीडितेचा न्याय, एक काहीतरी निवडा. या खटल्यात दोन्ही एकाच कागदात होते, आणि तो दाबला गेला तेव्हा दोन्ही एकदमच गेले. सहा जण आत बसले होते त्या सगळ्या वर्षांत ते चौघे कुठे होते?

हे लिहिताना एक काळजी वाटते, म्हणून सांगून टाकतो. "निरपराध अडकतात" म्हटलं की काही जण लगेच म्हणतात, बघा, बायका खोट्या तक्रारी करतात. मांडव्यांच्या गोष्टीचा हा अर्थ काढू नका, प्लीज. खोट्या तक्रारी होतच नाहीत असं नाही, आणि ज्याच्यावर येते त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. पण नाशिकच्या त्या आईने चुकीचं काय केलं होतं? तिचं म्हणणं नीट तपासलं असतं तर सहा घरं वाचली असती. तक्रार गांभीर्याने घेणं आणि आरोपीला दोषी ठरवायची घाई न करणं, यात भांडण नाहीच. तपास नीट झाला की दोन्ही होतं.

बरं, संशय नेमका कोणावर जातो? सर्वोच्च न्यायालयानेच त्या निकालात लिहिलं की हे लोक भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटं गुंतवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. पोलिसांत हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. आपल्या सोलापुरात अशा लोकांना डांबून ठेवायची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला, ३१ ऑगस्ट हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालांकडे वळते, हे गावाकडच्या कोणालाही विचारा.

वारकरी मंडळींना हे नवीन नाही. जनाबाईंची गोष्ट आठवा. गंगाखेडची पोरकी पोर, नामदेवांच्या घरची दासी. विठ्ठल रात्री तिच्याबरोबर दळायला आला आणि जाताना आपलं पदक तिच्या झोपडीत विसरला, तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवाच्या गळ्यात पदक नाही. शोधाशोध झाली, पदक जनीकडे सापडलं. मुद्देमाल सापडला, संपलं! चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ उभा केला. चोखोबांवरही देवाच्या गळ्यातल्या हारावरून आळ आल्याची कथा आहे. एक दासी, एक महार. संतचरित्रं सांगणाऱ्यांना आळ कोणावर येतो हे पक्कं माहीत होतं. कुठल्या श्रीमंत यजमानाच्या घरात देवाचं पदक सापडल्याची कथा मी तरी ऐकलेली नाही.

जनीच्या सुळाचं पाणी झालं. मांडव्यांचा सूळ तसाच राहिला. दोन्ही भक्त, दोन्ही निरपराध. देवाने एकीकडे धाव घेतली आणि दुसरीकडे का नाही, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि जे देतात त्यांच्या उत्तराने माझं समाधान होत नाही. पण महाभारत त्या प्रश्नाला टाळत नाही. मांडव्य स्वतः उठून विचारायला जातात.

थेट धर्माच्या सभेत. विचारतात, मी असं कोणतं पाप केलं होतं की त्याचं हे फळ? धर्म सांगतो, तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस, त्याचं हे फळ. प्रवचनांत गोष्ट पुष्कळदा इथेच संपते. बघा मंडळी, कर्म कोणाला सोडत नाही! टाळ्या, पुंडलिक वरदे.

पण ग्रंथ तिथे संपत नाही. पुढचं ऐका. मांडव्य म्हणतात, एवढ्याशा अपराधाला एवढा मोठा दंड दिलास? आणि ते धर्माला शाप देतात, तू दासीच्या पोटी माणूस होऊन जन्म घेशील. वर एक मर्यादाही घालून देतात, की आजपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने जे केलं त्याचं पाप त्याला लागणार नाही. आणि शाप खरा होतो. सगळ्यांचा हिशेब ठेवणारा धर्म स्वतः दोषी ठरतो आणि त्याला शिक्षा भोगावी लागते. आपल्या परंपरेतलं हे केवढं धाडस आहे! कर्माचा सिद्धांत वापरून अन्यायाचं समर्थन करायला गेलेला साक्षात यमधर्म, आणि ग्रंथ त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

आता एक बारीक गोष्ट. सुळावर असताना पक्षीरूपातले ऋषी विचारतात, तुमच्याकडून कुठलं पाप घडलं? तेव्हा मांडव्य म्हणतात, मी कोणाला दोष देऊ, दुसऱ्या कोणाचा यात अपराध नाही. म्हणजे स्वतःच्या दुःखाबद्दल "माझंच कर्म" असं ते स्वतः म्हणाले होते. मग तेच वाक्य धर्माने म्हटल्यावर एवढा राग का?

मला वाटतं, ते वाक्य कोण म्हणतंय यावर सगळं अवलंबून आहे. भोगणारा माणूस "माझं प्रारब्ध" म्हणून दिवस काढतो, तेव्हा ती त्याची श्रद्धा असते, त्याला जगवते. तुरुंगात कित्येकांना तिनेच जगवलं असेल. पण ज्याने शिक्षा दिली, किंवा जो बाहेरून बघतोय, त्याने "तुझं प्रारब्ध" म्हटलं की ती जबाबदारी झटकणं होतं. आपण दुसऱ्या बाजूला असतो बरं का मंडळी, बहुतेक वेळा बघणाऱ्यांत. देशाच्या तुरुंगांत साधारण चारांतले तीन कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांच्याविषयी "काहीतरी केलंच असेल" असं म्हणणं आणि धर्माने ती गवताची काडी शोधून काढणं, यात मला फारसा फरक दिसत नाही. प्रत्येकाच्या आयुष्यात एखादी काडी सापडतेच.

राजाला मात्र मांडव्यांनी शाप दिला नाही. क्षमा केली. खरं तर सुळावर चढवायचा हुकूम त्याचा होता. पण तो आला, चुकलो म्हणाला, आणि सूळ काढायचा जमेल तेवढा प्रयत्न केला. धर्माने तुझंच चुकलं होतं असं समजावलं. एकाला क्षमा, एकाला शाप. २०१९ च्या निकालाकडे मी या नजरेने बघतो. न्यायालयाने स्वतःचा फाशीचा निकाल चुकला हे मान्य केलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं, दोषी अधिकाऱ्यांना शोधून कारवाई करायला सांगितलं. हे दुर्मिळ आहे आणि त्याचं मोल आहे.

आणि तरीही टोक आत राहतंच. सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे महिन्याला किती, ते मोबाइलवर भागाकार करून बघा. तेही न्यायालयाने आपणहून दिले म्हणून. निर्दोष सुटलेल्याला हक्काने भरपाई मिळेल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात तसा कायदा करा असं सुचवलं होतं. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई घ्यायची एक तरतूद आहे, तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये. हो, एक हजार. नवा कायदा आला तरी आकडा तोच राहिला.

मांडव्यांनी घातलेली चौदा वर्षांची मर्यादा वाचली की मला पुण्याचा एक खटला आठवतो. १९९४ मध्ये एकाच घरातल्या सात जणांची हत्या झाली होती. त्यात फाशी झालेल्या एका आरोपीचं वय गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षांच्या आसपास होतं, हे राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, ते मार्च २०२३ मध्ये. तोवर तो अठ्ठावीस वर्षं आत होता. इथे प्रश्न तो निरपराध असण्याचा नव्हता. बाल न्याय कायद्याप्रमाणे त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. हजारो वर्षांपूर्वी एका ऋषीने धर्माच्या सभेत जाऊन सांगितलेली गोष्ट एका मुलाचं वय नीट विचारण्याइतकी साधी होती.

आपल्यातल्या पुष्कळ जणांना आठवत असेल, त्याच २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादला एका तरुण डॉक्टर मुलीवरच्या भयंकर अत्याचारानंतर चार आरोपींना पोलिसांनी चकमकीत मारलं. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्या भजनी ग्रुपांवरही हात जोडलेले इमोजी आणि "देवाचा न्याय" असं फिरत होतं. तो राग मला कळतो, त्या दिवशी तो सगळ्यांच्याच मनात होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती शिरपूरकरांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांची हकीकत विश्वास ठेवण्यासारखी नाही, गोळ्या मारण्याच्या हेतूनेच झाडल्या, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. ते चौघे दोषी होते का? खटलाच झाला नाही, त्यामुळे हे आता कोणालाच कळणार नाही, त्या मुलीच्या आईवडिलांनाही नाही.

देवाचा न्याय म्हणायच्या आधी स्यमंतक मणी तरी आठवायचा. चतुर्थीचा चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो म्हणून आपण गणपतीत मान खाली घालून चालतो, पण त्या गोष्टीत कृष्ण काय करतो ते विसरतो. आळ प्रत्यक्ष भगवंतावर आला आणि तो "मी देव आहे, विश्वास ठेवा" म्हणाला नाही. रानात गेला, प्रसेनाचं प्रेत शोधलं, सिंहाचा माग काढला, जांबवंताच्या गुहेतून मणी आणला आणि भरसभेत सत्राजिताच्या हातात दिला. देवालाही पुरावा द्यावा लागला. त्याला निदान बाहेर हिंडून स्वतःचा तपास करता आला. कोठडीतल्या मजुराच्या वतीने गुहेत कोण जाणार?

शापाप्रमाणे धर्म दासीपुत्र विदुर होऊन हस्तिनापुरात आला. पूर्वी तो सिंहासनावर बसून निवाडा द्यायचा, इथे सगळं कळत असून त्याचं कोणी ऐकत नाही. आणि द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते, भीष्म-द्रोणांसारखे थोर लोक माना खाली घालून बसतात, तेव्हा हाच विदुर उभा राहून सांगतो की सभेत विचारलेल्या प्रश्नाला ज्याला उत्तर माहीत आहे आणि जो देत नाही, तो अर्ध्या असत्याचा वाटेकरी होतो. मांडव्यांच्या मौनाला गुन्हा मानलं गेलं होतं, आणि त्याच धर्माला पुढच्या जन्मात सभेच्या मौनाशी भांडावं लागलं. हे व्यासांनी मुद्दाम जुळवलंय की मलाच दिसतंय, तुम्ही वाचून सांगा. तिथवर पोचायला आपल्याला अजून बराच वेळ आहे.

उद्या गांधारीचा विवाह वाचू.

राम कृष्ण हरी!